भायखळ्यातील मराठीचा तास आणि त्याची श्रेणी

शालेय विषयांमध्ये भाषेचे मूल्यमापन अवघड असते आणि जी भाषा मुलाच्या घरची नाही तिचे मूल्यमापन त्याहून अवघड असते. बीजगणित किंवा भूगोल शिकवताना वर्गातील बहुतेक मुले साधारण एकाच ठिकाणापासून सुरुवात करतात असे गृहीत धरता येते. भाषेच्या तासाला मात्र काही मुलांनी ती भाषा घरून आणलेली असते, काहींनी ती रस्त्यावर आणि दुकानात ऐकलेली असते, तर काहींची तिच्याशी ओळख केवळ पाठ्यपुस्तकातून होत असते. सहावी ते आठवी या उच्च प्राथमिक इयत्तांमध्ये ही तफावत विशेष ठळक होते, कारण या टप्प्यावर अक्षरओळख संपून लेखन, व्याकरण आणि स्वमत यांची अपेक्षा सुरू होते आणि त्याच वेळी प्रगतिपुस्तकातील अक्षराला पालकांच्या लेखी वजन येऊ लागते. मुलाकडून नेमकी कोणती अपेक्षा होती आणि त्यातील किती पूर्ण झाली, हे त्या अक्षरावरून कळते का, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

मुंबईत हा प्रश्न समजून घेण्यासाठी भायखळा हा परिसर सोयीचा आहे. १८१५ साली स्थापन झालेल्या बॉम्बे एज्युकेशन सोसायटीच्या शाळा पुढे येथे आल्या आणि तेव्हापासून येथे इंग्रजी शिक्षणाची परंपरा आहे. क्लेअर रोडवरील आणि माझगावच्या बाजूच्या मिशनरी शाळांनी ती वाढवली. मागेन डेव्हिड सिनेगॉगच्या परिसरात ज्यू समाजाने आपल्या मुलांसाठी शाळा उभारल्या, ज्यांच्या वर्गांत आज प्रामुख्याने मुस्लिम कुटुंबांतील मुले बसतात. मदनपुरा आणि नागपाडा भागात उत्तर प्रदेशातून आलेल्या विणकरांच्या वस्तीबरोबर उर्दू रुजली, लालबाग-परळच्या बाजूने गिरणी कामगारांची कोकणातून आणि घाटावरून आलेली मराठी आली, आणि गोव्यातून आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी कोकणी व इंग्रजी यांचे मिश्रण आणले. मुंबई महानगरपालिका मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ माध्यमांतून शाळा चालवते. अशा शहरात, आणि त्यातही अशा परिसरात, इंग्रजी किंवा उर्दू माध्यमाच्या सातवीच्या वर्गात मराठीचा तास सुरू होतो तेव्हा एकाच बाकावरच्या दोन मुलांचे मराठीशी असलेले नाते पूर्णपणे वेगळे असू शकते.

अपेक्षा कोठे लिहिलेली असते

शिक्षणशास्त्रात अपेक्षेचे दोन प्रकार केले जातात. पहिला आशयाचा, म्हणजे वर्षभरात कोणते पाठ, कोणत्या कविता आणि व्याकरणातील कोणते घटक शिकवायचे याचा. दुसरा क्षमतेचा, म्हणजे हे सर्व शिकल्यानंतर मुलाला त्या भाषेत काय करता आले पाहिजे याचा. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने २०१७ साली प्राथमिक स्तरासाठी ज्या अपेक्षा निश्चित केल्या, त्या दुसऱ्या प्रकारच्या आहेत आणि त्यांना मराठीत ‘अध्ययन निष्पत्ती’ असे म्हटले जाते. ‘पाठ पूर्ण झाला’ ही शिक्षकाच्या कामाची नोंद आहे, तर ‘ऐकलेल्या प्रसंगाविषयी विद्यार्थी स्वतःच्या शब्दांत सांगतो’ ही अध्ययन निष्पत्ती आहे. अलीकडच्या पाठ्यपुस्तकांत अशा निष्पत्तींची यादी सुरुवातीच्या पानांवरच छापलेली असते, परंतु बहुसंख्य पालक ती पाने उलटून थेट पहिल्या धड्यावर जातात.

मराठी ज्यांची माध्यमभाषा आहे त्यांच्यासाठी बालभारतीची पुस्तके आहेत, आणि इतर माध्यमांच्या मुलांसाठी ‘सुलभभारती’ ही वेगळी पुस्तकमाला आहे. या विभागणीमागील भूमिका स्पष्ट आहे: प्रथम भाषेच्या वर्गात साहित्याचा आस्वाद आणि लेखनातील प्रौढपणा अपेक्षित असतो, तर द्वितीय किंवा तृतीय भाषेच्या वर्गात श्रवण, भाषण, वाचन आणि लेखन ही चार कौशल्ये व्यवहारापुरती तरी हाती यावीत, अशी अपेक्षा असते. या चार कौशल्यांपैकी पहिली दोन वहीत दिसत नाहीत. मुलाने काय ऐकले, किती समजले आणि न अडखळता काय बोलले, याची नोंद तेथल्या तेथे झाली नाही तर ती कायमची निसटते. लेखनाचा पुरावा मात्र वर्षअखेरपर्यंत कपाटात राहतो. भाषेच्या वर्गात लेखनाला वाट्यापेक्षा जास्त वजन मिळते त्याचे एक साधे कारण पुराव्याच्या या टिकाऊपणात आहे.

२०१० ची योजना

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ या कायद्याने सर्वंकष व सातत्यपूर्ण मूल्यमापन शाळांवर बंधनकारक केले आणि त्यानुसार महाराष्ट्र शासनाने २० ऑगस्ट २०१० रोजी पहिली ते आठवीसाठी तपशीलवार योजना जाहीर केली. या योजनेत मूल्यमापनाचे दोन भाग आहेत. शिकणे चालू असताना, वर्गातील रोजच्या व्यवहारातून जे पाहिले जाते ते आकारिक मूल्यमापन, आणि सत्राच्या शेवटी तोंडी व लेखी परीक्षेतून जे मोजले जाते ते संकलित मूल्यमापन. इयत्ता वाढेल तसे या दोहोंचे प्रमाण बदलते: पहिली-दुसरीला ७० गुण आकारिक आणि ३० संकलित, तिसरी-चौथीला ६० आणि ४०, पाचवी-सहावीला ५०-५०, तर सातवी-आठवीला ४० आकारिक आणि ६० संकलित. सातवी-आठवीच्या या ६० गुणांपैकी १० तोंडी परीक्षेला आणि ५० लेखी परीक्षेला दिलेले असतात.

आकारिक भागासाठी शिक्षकाच्या हाती आठ साधने दिलेली आहेत: दैनंदिन निरीक्षण, तोंडीकाम, प्रात्यक्षिक किंवा प्रयोग, उपक्रम किंवा कृती, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय किंवा वर्गकार्य, आणि स्वयंमूल्यमापन, सहाध्यायी मूल्यमापन, गटकार्य यांसारखी इतर तंत्रे. तोंडीकामात प्रकट वाचन, प्रश्नोत्तरे, भाषण-संभाषण, भूमिकाभिनय, मुलाखत, गटचर्चा हे सर्व मोडते. चाचणीही वेळापत्रक लावून न घेता अनौपचारिक रीतीने, प्रसंगी पुस्तक उघडे ठेवून घ्यावी असे सुचवलेले आहे. भाषा विषयासाठी ही रचना विशेष अनुकूल आहे, कारण बाजारहाटाचा संवाद रचणे, रस्त्यावरील सूचनाफलकांचा संग्रह करणे किंवा आजोबांची मुलाखत घेणे यांसारख्या कामांतून भाषा खरोखर वापरली जाते.

दोन्ही भागांची बेरीज शंभरपैकी करून तिचे रूपांतर नऊपदी श्रेणीत होते. ९१ ते १०० गुणांना अ-१, ८१ ते ९० ला अ-२, ७१ ते ८० ला ब-१, ६१ ते ७० ला ब-२, ५१ ते ६० ला क-१, ४१ ते ५० ला क-२, ३३ ते ४० ला ड, २१ ते ३२ ला इ-१ आणि २० किंवा त्याखाली इ-२ अशी ही उतरंड आहे. ‘ड’च्या खाली राहिलेल्या मुलाला जादा मार्गदर्शन देऊन किमान ‘ड’पर्यंत आणण्याची जबाबदारी शाळेवर टाकलेली आहे. श्रेणीबरोबरच प्रत्येक मुलाविषयी वर्णनात्मक नोंद करावी, त्याची विशेष प्रगती, आवड आणि सुधारणेची गरज शब्दांत लिहावी, अशीही अपेक्षा आहे. दोन-तीन गुणांच्या फरकावरून मुलांची तुलना होऊ नये आणि एकाच परीक्षेचे ओझे त्यांच्यावर पडू नये, हा श्रेणीमागील हेतू होता. विषयाचे महत्त्व कमी करणे हा नव्हता. हा मुद्दा पुढील घडामोडींच्या संदर्भात महत्त्वाचा ठरतो.

एकच श्रेणी, दोन विद्यार्थिनी

ही योजना प्रत्यक्षात कशी चालते हे पाहण्यासाठी भायखळ्यातील एखाद्या सातवीच्या वर्गातील दोन विद्यार्थिनींचे काल्पनिक गुणपत्रक मांडता येईल. आकारिक ४० गुणांची विभागणी शिक्षकाने दैनंदिन निरीक्षण ५, तोंडीकाम १०, उपक्रम ५, चाचणी १० आणि स्वाध्याय १० अशी केली आहे असे समजू. पहिली विद्यार्थिनी इंग्रजी माध्यमात शिकते, पण घरात आजीशी मराठीतच बोलते. तिचे बोलणे ओघवते असले तरी लेखन विस्कळीत आहे आणि गृहपाठ अर्धवट असतो. तिला निरीक्षणात ४, तोंडीकामात ९, उपक्रमात ४, चाचणीत ५ आणि स्वाध्यायात ४ असे २६ गुण मिळतात. संकलित परीक्षेत तोंडीला ९ आणि लेखीला ३० गुण धरून तिची बेरीज ६५ होते. दुसऱ्या विद्यार्थिनीच्या घरी उर्दू बोलली जाते, मराठी तिला वर्गाबाहेर फारशी लागत नाही, पण तिची वही नीटनेटकी असते, उत्तरे पाठ असतात आणि एकही स्वाध्याय चुकत नाही. तिला निरीक्षणात ४, तोंडीकामात ४, उपक्रमात ४, चाचणीत ७ आणि स्वाध्यायात ८ असे २७ गुण पडतात. संकलित तोंडीला ३ आणि लेखीला ३५ धरून तिचीही बेरीज ६५ होते.

दोघींच्या प्रगतिपुस्तकात ब-२ येते. तोंडीचे दोन्ही भाग एकत्र केले तर पहिलीला २० पैकी १८ आणि दुसरीला २० पैकी ७ गुण आहेत, आणि पुढील सत्रात दोघींना करावयाची मदत जवळजवळ उलट दिशेची आहे: एकीला लेखनाची शिस्त हवी आहे, दुसरीला बोलण्याची संधी. श्रेणीचे एकच अक्षर ही माहिती पुसून टाकते. योजनेच्या रचनाकारांना याची कल्पना असावी, म्हणूनच वर्णनात्मक नोंदीची जोड दिलेली आहे. परंतु व्यवहारात या नोंदींचे तयार संच बाजारातील मार्गदर्शक पुस्तिकांत आणि शिक्षकांच्या मोबाइलवर फिरत असतात. ‘वर्गात उत्साहाने भाग घेते’, ‘हस्ताक्षर सुंदर आहे’, ‘आपले विचार स्पष्टपणे मांडते’ अशी वाक्ये पन्नास मुलांवर वाटून टाकली की नोंदवही भरते, पण ती वाचून कोणत्याही एका मुलाविषयी काहीच कळत नाही.

चूक कोणती आणि दोष कोणाचा

गुण कापण्याचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. हिंदी आणि उर्दूत नामांची दोनच लिंगे असल्यामुळे नपुंसकलिंग हा या मुलांच्या दृष्टीने मराठीतील नवा प्रकार असतो. ‘किताब’ स्त्रीलिंगी असल्याने उर्दूभाषक मूल ‘ती पुस्तक’ असे लिहिते आणि त्यात तर्क असतो. विभक्तीचा प्रत्यय लागण्यापूर्वी नामाच्या रूपात होणारा बदल, ज्याला सामान्यरूप म्हणतात, तोही असाच अडसर आहे. ‘मुलगाला’, ‘शाळामध्ये’ ही रूपे लिहिणारे मूल प्रत्यय बरोबर निवडते, पण ‘मुलाला’ आणि ‘शाळेमध्ये’ यांतील बदल त्याच्या अंगवळणी पडलेला नसतो. बोलणाऱ्यासह ऐकणाऱ्यालाही सामावून घेणारे ‘आपण’ आणि ऐकणाऱ्याला वगळणारे ‘आम्ही’ हा भेद हिंदीतील ‘हम’मध्ये नाही, त्यामुळे तो वर्षानुवर्षे निसटत राहतो.

लेखनात आणखी एक गुंता आहे. मराठी साहित्य महामंडळाने सुचवलेले आणि शासनाने स्वीकारलेले शुद्धलेखनाचे १४ नियम १९६२ पासून प्रचारात आले, १९७२ साली त्यांत आणखी ४ नियमांची भर पडली आणि त्यानुसार मराठीत शब्दाच्या शेवटी येणारे इकार व उकार सामान्यतः दीर्घ लिहिले जातात. हिंदीच्या तासाला ‘कवि’ आणि ‘गुरु’ लिहिणाऱ्या मुलाने पुढच्याच तासाला मराठीत ‘कवी’ आणि ‘गुरू’ लिहायचे असते. दोन्ही भाषा एकाच देवनागरीत शिकणाऱ्या आणि घरी उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या लिपीचीही सवय असलेल्या मुलाच्या हातून येथे ऱ्हस्व-दीर्घाची गफलत झाली, तर तिला निष्काळजीपणा म्हणणे अन्यायाचे ठरते.

भाषाशिक्षणाच्या अभ्यासात या विषयाला जुना आधार आहे. ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ पिट कॉर्डर यांनी १९६७ साली असे मांडले की, नियम ठाऊक असूनही घाईत किंवा थकव्यामुळे होणारी चूक आणि नियम अजून न बसल्यामुळे सातत्याने होणारी चूक यांत फरक करावा, कारण दुसऱ्या प्रकारची चूक शिकणारा नेमका कोठवर पोहोचला आहे हे दाखवते. १९७२ साली लॅरी सेलिंकर यांनी शिकणाऱ्याच्या मनात घडत असलेल्या या मधल्या भाषेला आंतरभाषा असे स्वतंत्र स्थान दिले. ती मातृभाषेचीही नसते आणि शिकायच्या भाषेचीही नसते, पण तिला स्वतःचे नियम असतात. या दृष्टीने पाहिले तर ‘मुलगाला’ लिहिणारे मूल ‘मुलगा’ एवढेच लिहून थांबणाऱ्या मुलाच्या पुढे आहे. ज्या गुणदान पद्धतीत दोघांचाही सारखाच अर्धा गुण कापला जातो, ती पद्धत प्रगतीलाच दंड करते.

स्पॅनिशच्या वर्गातील अनुभव

हीच अडचण जगभरातील शाळांना आलेली आहे. अमेरिकेत सातवी-आठवीच्या, म्हणजे तेथील ज्युनिअर हायच्या मुलांना शिकवल्या जाणाऱ्या परकीय भाषांमध्ये स्पॅनिश सर्वांत पुढे आहे आणि तेथील वर्गातही घरी स्पॅनिश बोलणारी मुले व तिचा एकही शब्द न जाणणारी मुले शेजारी बसतात. घरून भाषा घेऊन येणाऱ्या मुलांसाठी अनेक शाळांनी ‘वारसा भाषक’ हा वेगळा गट मानला आणि त्यांच्यासाठी लेखन व वाचन यांवर भर देणारे स्वतंत्र अभ्यासक्रम आखले. श्रेणी ठरवताना वर्गातील सहभाग, गृहपाठ, छोट्या चाचण्या आणि सत्र परीक्षा यांना ठरावीक टक्के देण्याची तेथील प्रथा आकारिक-संकलित विभागणीसारखीच आहे, आणि गृहपाठ वेळेवर देणे हे भाषेचे कौशल्य मानावे की शिस्तीचे, हा वादही तेथे तितकाच जुना आहे.

या वादातून पुढे आलेली एक उपयुक्त गोष्ट म्हणजे प्रावीण्याच्या पायऱ्या. अमेरिकेतील परकीय भाषा शिक्षकांच्या परिषदेने १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत नवशिक्या आणि मध्यम या पहिल्या दोन पायऱ्यांमधील सीमारेषा व्याकरणाच्या अचूकतेवर आखलेली नाही. पाठ केलेले शब्द आणि ठरावीक वाक्ये यांच्या आधारे काम भागवणारा तो नवशिक्या; स्वतःची साधी वाक्ये रचून प्रश्न विचारू शकणारा आणि परिचित विषयावर संभाषण चालू ठेवू शकणारा तो मध्यम. युरोपीय परिषदेने २००१ साली प्रसिद्ध केलेल्या सहा पातळ्यांच्या समान आराखड्याचा आधारही हाच आहे: भाषेत अमुक एक गोष्ट ‘करता येते’ अशा विधानांनी प्रत्येक पातळीचे वर्णन होते. स्पेनच्या सेर्वान्तेस संस्थेकडून शालेय वयाच्या मुलांसाठी घेतली जाणारी प्रमाणपत्र परीक्षाही याच पातळ्यांवर बेतलेली आहे आणि तीत वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण यांचे वेगवेगळे मोजमाप होते.

वर्गपातळीवर याचे रूप म्हणजे निकषतक्ता. एखाद्या संभाषणासाठी आशय समजणे, स्वतःची वाक्यरचना, उच्चार आणि व्याकरण असे चार निकष ठरवून, प्रत्येकाच्या तीन किंवा चार पायऱ्यांचे वर्णन साध्या शब्दांत लिहून हा तक्ता कामाआधीच मुलांच्या हाती दिला जातो. वरील उदाहरणातील दुसऱ्या विद्यार्थिनीला अशा तक्त्यावरून लगेच कळेल की तिचा आशय भक्कम आहे आणि वाक्ये पाठ केलेली आहेत, म्हणजे तिला नवशिक्याची पायरी ओलांडायची आहे. ब-२ या अक्षरातून तिला हे कळण्याची शक्यता नाही.

मोजले जाते त्याचेच शिक्षण होते

परीक्षेत ज्याला वजन असते तेच वर्गात शिकवले जाते, या परिणामाला परीक्षेचा अध्यापनावरील प्रतिप्रभाव म्हणतात. महाराष्ट्राने त्याचा अनुभव दहावीच्या स्तरावर घेतला आहे. भाषा विषयांत ८० गुण लेखी आणि २० गुण तोंडी व अंतर्गत मूल्यमापनाचे, ही पद्धत २०१८-१९ मध्ये बंद करून पूर्ण १०० गुणांची लेखी परीक्षा घेण्यात आली. मार्च २०१८ मध्ये ८९.४१ टक्के असलेला राज्याचा निकाल मार्च २०१९ मध्ये ७७.१० टक्क्यांवर आला, त्यानंतर अंतर्गत गुण पुन्हा सुरू करण्यात आले आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. त्या वर्षी पाठ्यपुस्तके आणि प्रश्नपत्रिकांचे स्वरूपही बदललेले होते, त्यामुळे संपूर्ण घसरण केवळ या २० गुणांच्या नावावर टाकता येत नाही. पण या घटनाक्रमात एक बाब उघड झाली. तोंडीचे गुण सढळ हाताने दिले जातात असा आक्षेप घेऊन ते बंद झाले आणि निकाल घसरला म्हणून ते परत आले; मुले बोलायला शिकतात की नाही हा मुद्दा दोन्ही निर्णयांत दुय्यमच राहिला.

मराठीच्या बाबतीत श्रेणीचा प्रश्न थेट धोरणाशी जोडला गेला तो २०२० साली. राज्यातील सर्व मंडळांच्या शाळांत मराठीचे अध्यापन सक्तीचे करणारा अधिनियम त्या वर्षी विधिमंडळाने संमत केला, त्याची अंमलबजावणी २०२०-२१ पासून पहिली आणि सहावी या इयत्तांपासून टप्प्याटप्प्याने करण्याचे ठरले आणि भंग करणाऱ्या शाळेच्या व्यवस्थापनाला एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद झाली. भायखळ्यातील केंद्रीय किंवा आयसीएसई मंडळाच्या शाळांनाही हा कायदा लागू होतो. परंतु सहावीची ही पहिली तुकडी त्या वर्षी शाळेत फारशी गेलीच नाही. करोनामुळे तिचे मराठीचे आरंभीचे धडे मोबाइलच्या पडद्यावर झाले. ती आठवीत असताना, एप्रिल २०२३ मध्ये, शासनाने इतर मंडळांच्या शाळांतील या एका तुकडीपुरती सवलत दिली: आठवी, नववी आणि दहावीत मराठीचे मूल्यमापन श्रेणीने करावे आणि ते एकूण निकालात धरू नये.

सवलतीचे कारण समजण्यासारखे होते, पण तिने श्रेणीचा अर्थ बदलला. २०१० मध्ये श्रेणी आणली गेली ती विषय गंभीरपणे, पण भीतीविना शिकता यावा म्हणून. २०२३ मध्ये तीच श्रेणी विषय निकालाबाहेर ठेवण्याचे साधन झाली. मुले आणि पालक अशा बाबतीत अत्यंत व्यवहारी असतात. एकूण टक्केवारीत न धरल्या जाणाऱ्या विषयाच्या तासाला गणिताचा गृहपाठ उरकला जातो, आणि ज्या वर्गाकडून वर्षाच्या सुरुवातीला संभाषणाची अपेक्षा होती त्याच्याकडून वर्षअखेरीस वही पूर्ण असण्याचीच अपेक्षा उरते.

राज्य मंडळाचा अभ्यासक्रम शिकवणाऱ्या शाळांत वारा नेमका उलट दिशेने वाहू लागला. शिक्षणहक्क कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीच्या आधारे महाराष्ट्राने २०२३ मध्ये नियम बदलले आणि पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा आणली. आठवीच्या प्रत्येक विषयाला १० गुण तोंडी आणि ५० लेखी असे ६० गुण आहेत, उत्तीर्ण होण्यासाठी २१ गुण लागतात, सवलतीचे १० गुण मिळू शकतात आणि त्यानंतरही अनुत्तीर्ण राहिलेल्या मुलाची पुनर्परीक्षा जूनमध्ये होते. तीतही यश न आल्यास मूल त्याच वर्गात राहते. परिणामी काही काळ असे झाले की, भायखळ्यातील एकाच रस्त्यावर राहणाऱ्या दोन मुलांपैकी राज्य मंडळाच्या आठवीतील एकाला मराठी त्याच वर्गात अडकवू शकत होती, तर इतर मंडळाच्या नववीतील दुसऱ्याच्या निकालात ती धरलीच जात नव्हती. एकाला मराठीची धास्ती आणि दुसऱ्याला बेफिकिरी, या दोन टोकांच्या मध्ये २०१० च्या योजनेतील मूळ विचार हरवला.

साडेसहा तासिकांचा हिशेब

या परिस्थितीत सुधारणा करण्यासाठी नव्या शासन निर्णयाची वाट पाहण्याची गरज नाही, कारण विद्यमान योजनेतच शिक्षकाला पुरेसे स्वातंत्र्य आहे. जूनमध्ये प्रत्येक मुलाची सुरुवातीची नोंद, म्हणजे त्याला काय समजते आणि काय बोलता येते याची चार ओळींचे टिपण, केली तर मार्चमधील श्रेणीला संदर्भ मिळतो. सत्राच्या आरंभी मुलांना आणि पालकांना ‘या सत्राअखेर दुकानात, बसमध्ये आणि दवाखान्यात मराठीत आपली गरज सांगता आली पाहिजे’ अशा भाषेत अपेक्षा कळवली तर तोंडीचे २० गुण कशाचे आहेत हे सर्वांना ठाऊक राहते. लेखी उत्तरांत आशय आणि शुद्धलेखन यांचे गुण वेगळे दाखवले तर ‘ती पुस्तक’ लिहिणाऱ्या मुलाला आपले उत्तर बरोबर आहे आणि लिंग चुकले आहे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी समजतात. प्रगतिपुस्तकात एका अक्षराशेजारी चार कौशल्यांचे चार शेरे देण्यासही कोणताच नियम आडवा येत नाही.

खरी अडचण वेळेची आहे. पंचेचाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाशी केवळ पाच मिनिटे मराठीत बोलून त्याची नोंद करायची म्हटले तर २२५ मिनिटे लागतात, म्हणजे पस्तीस मिनिटांच्या जवळजवळ साडेसहा तासिका, आणि हा हिशेब एका सत्रातील एकाच तोंडीकामाचा आहे. त्या वेळात उरलेल्या चव्वेचाळीस मुलांनी काय करायचे, याचे उत्तर सामान्यतः शिक्षकाकडे नसते. म्हणून तोंडी परीक्षा हजेरीच्या क्रमाने एकेक प्रश्न विचारून अर्ध्या तासात उरकली जाते आणि बहुतेकांना आठ किंवा नऊ गुण देऊन टाकले जातात, जेणेकरून कोणाचीच तक्रार येत नाही. गटकार्य आणि सहाध्यायी मूल्यमापन ही साधने नेमकी या अडचणीवर सुचवलेली आहेत: घरी मराठी बोलणारे मूल आणि न बोलणारे मूल यांची जोडी लावली तर पहिल्याला लिहिण्याचा आणि दुसऱ्याला बोलण्याचा सराव मिळतो, आणि शिक्षक एका वेळी दोघांना ऐकू शकतो. त्यामुळे साडेसहा तासिकांचे काम साधारण सव्वातीन तासिकांत बसते.

एप्रिल आणि जून २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी शिकवण्याविषयी शासन निर्णय निघाले, २९ जूनला ते मागे घेतले गेले, आणि त्या निमित्ताने कोणती भाषा कितव्या इयत्तेपासून शिकवावी यावर राज्यभर चर्चा झाली. त्या चर्चेत भाषांची संख्या आणि क्रम यांवर भरपूर बोलले गेले. कोणत्याही भाषेच्या तासाला मुलाला प्रत्यक्ष किती मिनिटे बोलायला मिळते, याचा हिशेब मात्र कोणी मांडला नाही. मराठी सक्तीची करण्यासाठी कायदा आणि दंडाची तरतूद पुरली, पण ती बोलती करण्यासाठी वर्गातील मुलांची संख्या, शिक्षकाच्या तासिका आणि तोंडी कामासाठी राखून ठेवलेला वेळ यांवर खर्च करावा लागेल. तो खर्च करण्याची तयारी नसेल तर श्रेणी अ-१ असो वा ब-२, तिने मोजली जाणारी गोष्ट वही पूर्ण आहे की नाही एवढीच राहील.